कोरडवाहू तेलबिया: पावसाची जोखीम आणि पेरणीची वेळ

कोरडवाहू तेलबियांचे उत्पादन हंगामात एकूण किती पाऊस पडला यापेक्षा तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला यावर अधिक अवलंबून असते, म्हणून पेरणीची तारीख सुचवताना आम्ही काय पाहतो हे आपल्याला माहीत असावे.

सरासरी पावसावर आम्ही विसंबत नाही, कारण अतिवृष्टीची एक-दोन वर्षेही सरासरी फुगवतात. एखाद्या आठवड्याच्या 30 वर्षांच्या नोंदी उतरत्या क्रमाने मांडल्या, की 23व्या क्रमांकाच्या आकड्याइतका किंवा त्याहून अधिक पाऊस चारपैकी सुमारे तीन वर्षे मिळतो, असे धरता येते. नियोजन याच आकड्यावर करावे.

त्यानंतर फसव्या सुरुवातीची तपासणी होते. लागोपाठ तीन दिवसांत 20 मि.मी. पाऊस झाला, पण पुढील 30 दिवसांत पावसाचा सात दिवसांहून मोठा खंड पडला, असे किती वर्षे घडले हे मोजल्यावर प्रत्येक तारखेमागचा दुबार पेरणीचा धोका दिसू लागतो. पहिल्या सरीने केवळ वरचा थर भिजतो. बी उगवते, पण मुळांना खाली ओल सापडत नाही. हलक्या, उथळ जमिनीत हा धोका सर्वाधिक असतो. भारी जमीन खंड सोसते, मात्र तिला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, उशिरा येतो.

धोका टाळण्यासाठी पेरणी कितीही लांबवावी, असे मात्र नाही, आणि आमच्या मते खरी कसोटी इथेच आहे. सोयाबीन दिवसाच्या लांबीला प्रतिसाद देते. पेरणी उशिरा झाली तरी फुलोरा तितकाच पुढे जात नाही, त्यामुळे झाड पुरेसे वाढण्यापूर्वीच फुलांवर येते आणि शेंगा भरण्याचा काळ पाऊस ओसरल्यावर येतो. भुईमुगाच्या आऱ्या, म्हणजे फुलानंतर जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ, सुटताना वरचा थर सुकून कडक झाला, तर त्या आत शिरत नाहीत. तिळाला साचलेले पाणी सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी संततधारेचे आठवडेही धोक्यात मोजावे लागतात. करडईचा हिशेब वेगळा आहे: तिचे सोटमूळ खोल जाते आणि ती साठलेल्या ओलीवर वाढते, त्यामुळे तिथे येणाऱ्या पावसाऐवजी पेरणीच्या दिवशी जमिनीत असलेली ओल मोजावी.

आपल्या शेतासाठी हा हिशेब मांडण्यास जमिनीची खोली व पोत, वाणाचा कालावधी आणि जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आम्हाला कळवाव्यात. उत्तरात एकच तारीख न देता आम्ही पेरणीचा कालखंड आणि त्यातील प्रत्येक आठवड्याचा धोका देतो, कारण दुसऱ्यांदा बियाणे घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याने थोड्या कमी उत्पादनाची पण सुरक्षित तारीख निवडणेच योग्य आहे.