ताल चुकतोय का चुकवलाय?

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आम्ही लातूरहून तुळजापूरला निघालो होतो, गाडीत मी, काका आणि काकांचा धाकटा मुलगा, तो संभाजीनगरला इंजिनिअरिंगला असतो. औसा मागं पडलं तसं त्यानं मोबाईल गाडीच्या स्पीकरला जोडून एक बीट लावला. गाणं नाही, शब्द नाहीत, जुन्या रेकॉर्डसारखा खरखरणारा पियानोचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरतोय आणि खाली ड्रम. दोन मिनिटं झाली नसतील तर काका म्हणले, "काय वाजवायलास रे हे, याचा ताल चुकायलाय." भाऊ म्हणला, "चुकत नाही अण्णा, मुद्दाम तसा ठेवलाय." काका म्हणले मुद्दाम चुकवायचा तर मग शिकायचं कशाला. उजनीला बासुंदी खायला थांबलो तरी दोघांचं मिटलं नव्हतं.

आता काका म्हणजे संगीतातलं काही कळत नाही असा माणूस नाही, तीस वर्षं झाली भजनी मंडळात पखवाज वाजवतात, कीर्तनात बुवांनी अभंगाची चाल कुठं ओढली तरी समेवर बरोबर येऊन बसतात. आणि भाऊपण नुसता फॅशन म्हणून ऐकत नाही, रात्र रात्र लॅपटॉपवर स्वतः बीट बनवत बसतो. मग दोन चांगल्या कानांना एकच आवाज इतका वेगळा कसा काय ऐकू येतो, हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही, आणि वाचत गेलो तसं कळलं की ह्यावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे.

थोडं मागचं सांगतो. भावानं लावलेला तसला बीट हिप-हॉपमधून आलेला, आणि हिप-हॉपची सुरुवात ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात झालेल्या एका पार्टीपासून धरतात, तिथं डीजे कूल हर्क होता. लोक नाचायचे ते गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्यावर हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तेवढाच तुकडा लांबवायचा. पुढं सॅम्पलर आले, म्हणजे कुठल्याही रेकॉर्डमधला सेकंदभराचा आवाज उचलून एका बटणावर ठेवायचा आणि बोटानं वाजवायचा. रॅपरच्या मागं वाजणारं हे काम हळूहळू स्वतःच्या पायावर उभं राहिलं आणि लोक शब्दांशिवायचे अल्बम काढायला लागले. डीजे शॅडोचा १९९६ चा अल्बम जवळजवळ सगळा जुन्या रेकॉर्डींच्या तुकड्यांतून उभा केलेला होता. लॉस एंजेलिसचा फ्लाइंग लोटस त्याच्याही पुढं गेला, त्यानं जॅझ, इलेक्ट्रॉनिक, हार्प सगळं एकात एक घुसवलं. तो अॅलिस कोल्ट्रेनचा नातू लागतो, म्हणजे तिच्या बहिणीच्या मुलीचा मुलगा, आणि ह्या अॅलिसबाईंनी कॅलिफोर्नियात आश्रम काढून संस्कृत भजनं रेकॉर्ड केलेली आहेत, त्यामुळं आपल्याला वाटतं तेवढं हे सगळं आपल्यापासून लांब नाही.

पण हे ऐकणाऱ्यांतच एकमत नाही. कोणी म्हणतं हा नुसता लूप आहे, गाणं कुठाय. कोणी म्हणतं दीड मिनिटात संपतं, भूक लागायला लागली की ताट उचलतात. कोणाला फ्लाइंग लोटससारखं गच्च भरलेलं ऐकलं की धरायला खुंटीच सापडत नाही, आणि कोणाला नेमकं तेच पाहिजे असतंय, दहाव्यांदा ऐकताना नवीन काहीतरी सापडतं म्हणून. मला स्वतःला गच्च भरलेल्यापेक्षा मोकळं, दोन-तीन आवाजांचं काम जास्त आवडतं, पण का आवडतं हे आता थोडं कळायला लागलंय.

काकांच्या आक्षेपापासून सुरू करू, कारण तो अगदी नेमका होता. अकाई कंपनीनं रॉजर लिन ह्या माणसाच्या डिझाईनवर १९८८ मध्ये एमपीसी ६० नावाचं यंत्र बाजारात आणलं, त्यावर रबराची १६ चौकोनी बटणं. तुम्ही बोटानं थोडं पुढं-मागं वाजवलं तरी यंत्र ते उचलून जवळच्या बरोबर जागेवर बसवतं, ह्याला क्वांटाइझ म्हणतात. आणि त्यातच स्विंगची सोय, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका किती उशिरा टाकायचा ते टक्क्यात सांगायचं. हिशोब करून बघा. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर एक ठोका साधारण ६६७ मिलिसेकंदांचा, त्याचे चार भाग केले की एकेक १६७ चा. स्विंग ५० टक्के म्हणजे सगळं सरळ. ५४ टक्के केलं की दुसरा ठोका १६७ च्या जागी १८० मिलिसेकंदांवर येतो. फरक फक्त १३ मिलिसेकंदांचा, डोळ्याची पापणी लवायला ह्याच्या कितीतरी पट जास्त वेळ लागतो, तरी हे ऐकू येतं! सारख्या अंतरानं पडणाऱ्या ठोक्यांत एखादा ठोका साधारण २ ते ३ टक्के सरकला तर कानाला ते टिपता येतं असं मोजमापांत दिसलेलं आहे, आणि तीस वर्षं पखवाज वाजवणाऱ्या माणसाला तर ते टोचणारच.

डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला ह्याच फटीत राहिला. त्याच्या कामात काही आवाज यंत्राच्या रेषेवर नीट बसलेले आणि काही त्याच वेळी थोडे अलीकडं किंवा पलीकडं, म्हणजे टाळ बरोबर, पण टाळी जरा उशिरा आणि खर्ज आपल्याच नादात. दारू प्यायल्यासारखं चालतंय असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. १० फेब्रुवारी २००६ ला ३२ व्या वर्षी तो गेला, शेवटचा अल्बम त्याच्या तीन दिवस आधी, वाढदिवसाला आला होता, ३१ छोटे छोटे तुकडे, एकूण पाऊण तासाच्या आत. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेलं आहे. काकांना जे चुकलेलं वाटलं ते ह्याच घराण्यातलं.

मग चूक आणि चुकवणं ह्यातला फरक ठरवतं कोण? तर मेंदू. आपण ताल ऐकताना नुसते ऐकत नसतो, पुढचा ठोका कधी येणार ते आधीच सांगत असतो, आणि हे काम मेंदूचे हालचाल घडवणारे भाग करतात, आपण हलत नसलो तरीही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटानं २०११ मध्ये लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून मेंदूतलं डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं रसायन, मोजलं. काटा येतो त्या क्षणी ते एका भागात वाढलेलं होतं, पण त्याच्या आधीच्या काही सेकंदांत, नुसती वाट बघताना, दुसऱ्याच एका भागात वाढलेलं होतं. म्हणजे वाट बघण्यातसुद्धा सुख आहे. आणि वाट बघायची तर काय येणार ह्याचा अंदाज तर पाहिजे ना, ज्याला अंदाजच बांधता येत नाही तो वाट कशाची बघणार.

मारिया विटेक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना वेगवेगळे ड्रमचे तुकडे ऐकवले, काही अगदी साधे, काही मधले, काही फारच अवघड, आणि विचारलं किती छान वाटतं, किती हलावंसं वाटतं. मधल्यांना सगळ्यात जास्त पसंती मिळाली. साधं फार झालं की मजा नाही, अवघड फार झालं की मजा नाही. हे कीर्तनात बसलेल्या कोणालाही पटेल, पखवाजवाल्यानं रात्रभर नुसता आठ मात्रांचा भजनी ठेकाच ठेवला तर माणसं पेंगतात, आणि नुसत्या जलद लग्ग्याच लावत बसला तर टाळकरी गडबडतात, ठेका धरून मध्येच सोडणारा आणि परत समेवर आणणारा खरा. पण अडचण इथंच आहे, मधलं म्हणजे कुठलं? काकांचं मधलं आणि भावाचं मधलं एका जागी नाही. काकांना जे टोकाचं अवघड ते भावाला पाच वर्षं ऐकून मधलं झालेलं आहे.

ह्यावर एक प्रयोग मला फार आवडतो. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब ह्या दोघींनी २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन भागातले सातांच्या वगैरे वेड्यावाकड्या हिशोबाचे ताल ऐकवले. ६ महिन्यांच्या बाळाला त्यात केलेली गडबड ओळखू आली, उत्तर अमेरिकेतल्याच मोठ्या माणसांना मात्र आली नाही. १२ महिन्यांची होईपर्यंत बाळंही मोठ्यांसारखीच झाली, पण त्यांना थोडे दिवस घरी तसलं संगीत ऐकवलं की कान परत उघडला. मोठ्यांचा एवढ्यानं उघडला नाही. आपल्याकडं सात मात्रांचा रूपक कोणाला वेडावाकडा वाटत नाही, कारण कार्तिकातला काकडा, हरिनाम सप्ताह, लग्नानंतरचा गोंधळ हे सगळं लेकरू मांडीवर असल्यापासून कानावर पडतंय. माणूस कान घेऊन जन्माला येतो, पण त्यात काय बसतं ते घर आणि गाव ठरवतं. नंतर १५ देशांतल्या ३९ गटांवर तालाचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं, ताल साध्या प्रमाणात ओढून घ्यायची सवय सगळ्यांच्या डोक्यात असते, पण कुठली प्रमाणं जवळची वाटतात ते त्या त्या ठिकाणच्या संगीतावर ठरतं. म्हणून कोणी एखाद्या संगीताला "हा काय गोंगाट" म्हणलं की मला आता त्याचा राग येत नाही, त्याच्या कानाला ती वाट अजून पडलेली नाही एवढंच. आणि वाट पडूनही एखाद्याला नाही आवडलं तर तेही त्याचं खरंच आहे.

दुसरी एक गोष्ट जिचा विचार ह्या भांडणात कोणी करत नाही, ती म्हणजे कशावर ऐकताय. ह्या संगीताचा अर्धा जीव खर्जात असतो, ५०-६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या आसपास, आणि मोबाईलचा बोटभर स्पीकर तेवढं खाली जाऊच शकत नाही, मेंदू वरच्या सुरांवरून थोडा अंदाज बांधतो पण छातीत बसणारा धक्का कुठून आणणार. पखवाजाच्या डाव्या पुडीला खर्जासाठी लावलेली कणीक काढून टाकली आणि मग म्हणलं की ह्यात काही दम नाही, तसं होतं ते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ह्याचा फार सुंदर प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. ऑर्फेक्स नावाच्या इलेक्ट्रॉनिक जोडीचा खराखुरा कार्यक्रम ठेवला आणि मधूनमधून ८ ते ३७ हर्ट्झचे खास स्पीकर चालू-बंद केले. इतका खालचा आवाज चालू आहे का बंद हे लोकांना ओळखता येत नव्हतं, तरी चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. ऐकू येत नाही आणि अंग नाचतंय! तुळजापूरला संबळ जवळून वाजताना पायाखालून काहीतरी येतं असं लहानपणी वाटायचं, ते नुसतं वाटणं नव्हतं असं मला आता वाटतं.

आता शास्त्रज्ञांचंही सगळं जुळलंय असं नाही. जर्मनीत होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की कसलेला ड्रमरही यंत्राच्या ठोक्यापासून साधारण १० ते २० मिलिसेकंद पुढं-मागं होत राहतो, आणि ते पुढं-मागं होणं वाटेल तसं नसतं, आत्ताची चूक मागच्या कितीतरी ठोक्यांशी धाग्यानं बांधलेली असते. ऐकणाऱ्यांनाही असा बांधलेला हललेपणा नुसत्या वाटेल तशा हललेपणापेक्षा जास्त आवडला. पण २०१३ च्या दुसऱ्या एका प्रयोगात छोटे ताल जसजसे रेषेवरून हलवले तसतशी लोकांची पसंती कमीच होत गेली, रेषेवर बसलेलं बरं वाटलं. मग डिला एवढा का आवडतो? मला वाटतं प्रयोगशाळेत मोजून हलवलेला ठोका आणि माणसानं ऐकत ऐकत हलवलेला ठोका ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हे माझं मत झालं, सिद्ध झालेलं नाही.

दिवाळीला भाऊ गावी आला तेव्हा त्यानं माईक आणला होता. काकांना म्हणला अण्णा, पखवाजाचा ठेका वाजवा, मला पाहिजे. काकांनी आधी नाही म्हणलं, मग वाजवला, धुमाळी, चांगला पाच मिनिटं. लॅपटॉपवर त्या थापा उभ्या रेषांच्या शेजारी दिसायला लागल्या, एकही बरोबर रेषेवर नव्हती, कोणती केसभर आधी, कोणती केसभर नंतर. काका चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. भावानं मग क्वांटाइझचं बटण दाबलं, सगळ्या थापा टक्कन रेषेवर, आणि वाजवून दाखवलं. काका लगेच म्हणले, "हे मी नाही वाजवलेलं." भाऊ काही बोलला नाही, परत पहिल्यासारखं केलं.

महिन्याभरानं त्यानं त्याच थापांवर बनवलेला बीट पाठवला, टाळी त्याच्या पद्धतीनं उशिराच होती. मी काकांच्या कानाला हेडफोन लावून दिला. त्यांनी मांडीवर मात्रा मोजत सगळा ऐकला, परत लाव म्हणले, परत ऐकला. मी विचारलं कसा वाटला. म्हणले टाळी उशिराच पडायली, पण आता कुठं पडणार ते कळायलंय. आवडला का ते काही सांगितलं नाही. रात्री जेवताना मात्र म्हणले, "त्याला फोन लाव. त्या दिवशी डाव्या पुडीला कणीक कमी पडली होती, खर्ज नीट लागला नाही. पुढच्या वेळेस आला की परत रेकॉर्ड करू म्हणावं."