तेराशे वर्षं न कुजलेला फासा

"जांभळाचं लाकूड टाकीत टाका, पाणी वर्षानुवर्षं शुद्ध राहतं," हा निरोप व्हॉट्सअॅपवर फिरत असतो. पुरावा काय, तर जुन्या विहिरींच्या तळाशी लाकूड शेकडो वर्षं टिकतं. टिकतं हे खरं, पण श्रेय जांभळाचं नाही. दक्षिण कोरियात ग्योंगजूच्या वोल्जी तळ्याकाठी फिरताना मला ते नीट उमगलं.

प्राचीन कोरियातल्या सिल्ला राज्याचा राजा मुनमू याने 674 मध्ये हे राजोद्यान घडवलं. राजवाड्याकडचा काठ सरळ, समोरचा नागमोडी. कुठेही उभं राहा, सगळं तळं एकदम दिसत नाही. 1975-76 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा तळ्याच्या गाळात लाकडी नाव सापडली आणि मेजवानीतला एक फासाही. ओकच्या लाकडाचा, 14 बाजूंचा: सहा चौकोनी, आठ षटकोनी. प्रत्येक बाजूवर एक फर्मान. 'तीन पेले एका दमात', 'आवाज न करता नाच'!

गाळात लाकूड कुजायला हवं ना? लाकूड खरं पोखरतात त्या बुरश्या. लाकडाला ताठरपणा देणारं चिवट लिग्निन तोडायला त्यांची विकरं (एन्झाइम्स) हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात आणि ते बनवायला ऑक्सिजन लागतो. लिटरभर हवेत ऑक्सिजन सुमारे 280 मिलिग्रॅम, लिटरभर पाण्यात जेमतेम 8. शिवाय साचलेल्या पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. जो काही खाली पोचतो, तो गाळाच्या वरच्या थरातले जीवाणूच संपवतात. त्याखाली बुरशीचा श्वासच कोंडतो.

तरी काही जीवाणू अगदी संथपणे पेशीभित्तिकांतलं सेल्युलोज खातातच. त्या जागी पाणी भरतं, म्हणून लाकडाचा आकार शाबूत दिसतो. ते बाहेर काढून तसंच वाळवलं, तर आटत्या पाण्याचा पृष्ठताण पोकळ भित्तिका आत ओढतो आणि लाकूड आक्रसून तडकतं. म्हणून महिनोन्महिने पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा मेणासारखा पदार्थ मुरवून पाण्याची जागा भरून काढतात.

टाकीत यातलं काहीच नसतं. तिथे रोज ताजं, हवा मिसळलेलं पाणी येतं. लाकडाचा तुकडा ते निर्जंतुक करत नाही. त्यासाठी क्लोरीन वापरा किंवा पाणी उकळा.

तो फासा मात्र आता पाहायला मिळत नाही. जतनासाठी वाळवताना यंत्र जास्त तापलं आणि तो जळून गेला. त्याआधी मोजमापं, छायाचित्रं घेतलेली होती. आज दिसतात त्या प्रतिकृती त्यांवरूनच केलेल्या.