चीनसाठी मध्यस्थीची प्रार्थना

चीनमधील कुटुंबे, समाज, मंडळ्या (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचे समूह) आणि सुवार्ताकार्य (ख्रिस्ताचा संदेश पोहोचवण्याचे काम) यांसाठी ख्रिस्ती लोक एकट्याने किंवा एकत्र जमून करतात ती प्रार्थना. दुसऱ्यासाठी देवाजवळ रदबदली करणे हा तिचा गाभा आहे. राजे आणि अधिकारी यांच्यासह सर्व माणसांसाठी प्रार्थना करावी, असे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले; ते पत्र बायबलमध्ये आहे. त्यामुळे सरकारी जाच सोसणाऱ्या चिनी मंडळ्याही आपल्या राज्यकर्त्यांसाठी नेमाने प्रार्थना करतात.

चीनमधील सुवार्ताकार्याचा भारताशी, विशेषतः गोव्याशी, जुना संबंध आहे. संत फ्रान्सिस झेवियर चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असतानाच ३ डिसेंबर १५५२ रोजी किनाऱ्यालगतच्या शांगच्वान बेटावर वारले. त्यांचे अवशेष आज जुन्या गोव्यात आहेत. १५८३ मध्ये चीनमध्ये पाय रोवणारे जेझुइट धर्मगुरू मत्तेओ रिची हेही आधी गोव्यातच शिकत होते. पुढे बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला आणि १८२२ मध्ये जोशुआ मार्शमन यांचे चिनी बायबल पूर्ण झाले.

प्रॉटेस्टंट परंपरेत २५ जून १८६५ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. इंग्लंडमधील ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी देवाजवळ २४ कामकरी, म्हणजे मिशनरी, मागितले आणि ही मागणी तारखेसह आपल्या बायबलच्या समासात लिहून ठेवली. प्रॉटेस्टंट मिशनरी नसलेल्या चीनमधील अकरा प्रांतांसाठी आणि मंगोलियासाठी प्रत्येकी दोन, असा तो हिशेब होता. त्यातून ‘चायना इनलँड मिशन’ ही मिशनरी संस्था उभी राहिली. प्रांत आणि संख्या यांसह नेमके मागायचे, ही या प्रार्थनेची रीत होती. मात्र प्रार्थनेच्या विषयांच्या याद्यांत चीन बहुधा ‘क्षेत्र’ म्हणून येई. माणसे पाठवणारे इकडे आणि ज्यांच्याकडे पाठवायची ते तिकडे.

१९४९ च्या क्रांतीनंतर काही वर्षांतच परदेशी मिशनरी देशाबाहेर पडले. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत चर्च बंद झाली. ती १९७९ मध्ये पुन्हा उघडू लागली तेव्हा घराघरांत गुपचूप जमणाऱ्या मंडळ्या टिकल्या, एवढेच नव्हे तर वाढल्याही आहेत, असे दिसून आले. २०१८ मधील सरकारी आकडा ३ कोटी ८० लाख प्रॉटेस्टंट आणि ६० लाख कॅथलिक असा आहे. नोंदणी नसलेल्या मंडळ्या धरून केलेले अंदाज याहून बरेच मोठे असतात. आता प्रार्थनेचे विषय चिनी विश्वासणारेच सांगतात आणि त्यांत घरचे विषय मोठ्या प्रमाणावर असतात. बाहेरच्या अनेक याद्यांत चीन म्हणजे फक्त छळ, असे चित्र दिसते. ते अपुरे आहे.

यांतला सर्वांत दुखरा विषय गावाकडे मागे राहिलेल्या मुलांचा. आईबाप शहरात कारखान्यात किंवा बांधकामावर असतात. ‘हुकोउ’ या घरनोंदणीच्या पद्धतीमुळे मुलांना शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेश मिळणे अवघड जाते, म्हणून ती आजी-आजोबांकडे वाढतात. २०१० च्या जनगणनेवरून अशा मुलांची संख्या ६ कोटींहून अधिक धरली गेली. वसंतोत्सवात, म्हणजे चिनी नववर्षाला, आईबाप घरी येतात आणि सण सरला की परत जातात. त्यानंतरचे दिवस मुलांना फार जड जातात.

त्याच सणात नव्याने विश्वासात आलेल्या सुनेची कसोटी लागते. पूर्वजांच्या पाट्यांसमोर किंवा फोटोंसमोर घरातले सगळे उदबत्ती लावून वाकतात, तेव्हा तिने काय करावे? तिने नकार दिला तर सासूला तो पितरांचा अपमान वाटतो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी कबरी झाडायला जातानाही हाच पेच पडतो. काही जणी कबर स्वच्छ करतात, फुले वाहतात, उदबत्ती मात्र लावत नाहीत. रोमने अठराव्या शतकात हे विधी कॅथलिकांना निषिद्ध ठरवले आणि १९३९ मध्ये ती बंदी बरीच सैल केली. प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुतांशी आजही ते टाळतात. मंडळ्यांत बायकांची संख्या जास्त असल्याने विश्वासात नसलेल्या नवऱ्यासाठी आणि मुलींच्या लग्नासाठीही सतत प्रार्थना होते.

शासनाशी असलेल्या संबंधांचा विषय नाजूक आहे. नोंदणीकृत प्रॉटेस्टंट चर्च ‘थ्री-सेल्फ’ (स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रसार) या सरकारमान्य चळवळीखाली येतात. फेब्रुवारी २०१८ पासून धर्मविषयक नवे नियम लागू झाले आणि अनेक ठिकाणी अठरा वर्षांखालील मुलांना चर्चमध्ये येऊ देणे बंद झाले. त्यामुळे मुलांना पवित्र शास्त्र शिकवण्याची जबाबदारी आईबापांवर आली. चंग्दू येथील ‘अर्ली रेन’ मंडळीचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. अशा कैद्यांसाठी प्रार्थना करताना त्यांच्या बायकामुलांचा उल्लेख आवर्जून व्हायला हवा, कारण पाळत आणि घर सोडायला लागण्याचा जाच त्यांच्याही वाट्याला येतो.

कॅथलिकांसाठी २४ मे हा खास दिवस आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या पत्रात तो चीनमधील चर्चसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. शांघायजवळच्या शेशान टेकडीवरील मारियेची मूर्ती या दिवसाशी जोडलेली आहे: मारियेने बाळ येशूला डोक्यावर उंच धरले आहे आणि बाळाचे दोन्ही हात क्रुसासारखे पसरलेले आहेत. बिशपांच्या नेमणुकीबाबत व्हॅटिकन आणि बीजिंग यांच्यात २०१८ मध्ये करार झाल्यापासून सरकारमान्य आणि भूमिगत समाजांतील दुरावा मिटावा, ही मागणी आणखी कळकळीने केली जाते.

सुवार्ताकार्याच्या प्रार्थनेची दिशाही आता फिरली आहे. शेन्सी प्रांतातील एका बायबल शाळेत १९४० च्या दशकात पश्चिमेकडे जेरुसलेमपर्यंत सुवार्ता नेण्याचा संकल्प झाला होता. आज चिनी सेवक खरोखरच दक्षिण आणि पश्चिम आशियात जातात. पाकिस्तानातील क्वेट्टा येथून २०१७ मध्ये पळवून नेलेल्या दोन तरुण चिनी नागरिकांची हत्या झाली. ते धर्मप्रसार करत होते, असे तिथल्या सरकारने सांगितले. अशा सेवकांसाठी सुरक्षितता, नवी भाषा आणि मुलांची शाळा हे विषय असतातच. १९८० ते २०१५ या काळातील एक मूल धोरणामुळे त्यांतले कितीतरी जण एकुलते एक आहेत. म्हणून गावी एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांचे कोण पाहणार, हा विषयही त्यांच्या नावापुढे लिहिला जातो.