बिस्क : कुंभाराच्या भट्टीतला, स्वयंपाकघरातला आणि खेळातला

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी चिनीमातीचे काम करणाऱ्यांना ‘बिस्क’ किंवा ‘बिस्किट’ म्हटले की भट्टीतून पहिल्यांदा भाजून निघालेले, अजून झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, न चढवलेले भांडे आठवते. हाच ‘बिस्क’ शब्द मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूत झिंग्यांच्या वा खेकड्यांच्या दाट सुपाचे नाव म्हणून येतो, जुन्या युरोपीय बाहुल्यांच्या चेहऱ्यांना लावला जातो, क्रोके या लाकडी हातोड्याने चेंडू टोलवण्याच्या खेळात एका सवलतीला आणि संगणकाच्या पडद्यावर एका रंगालाही. उच्चार एक असल्यामुळे हे सारे अर्थ एकाच मुळातून फुटले असावेत असा समज होतो. परंतु खात्रीने सांगता येईल असा धागा मातीच्या अर्थाला आणि त्यावरून आलेल्या बाहुलीलाच आहे, बाकीच्यांची व्युत्पत्ती अनिश्चितच राहिली आहे.

मातीकामातील ‘बिस्क’ हे ‘बिस्किट’ या शब्दाचे आखूड रूप आहे. बिस्किटाचे मूळ लॅटिन ‘बिस’ म्हणजे दोनदा आणि ‘कॉक्टस’ म्हणजे शिजवलेले किंवा भाजलेले. पाव भाजून झाल्यावर त्यातील ओल जावी आणि तो दूरच्या समुद्रप्रवासात टिकावा म्हणून पुन्हा भाजत, त्या कोरड्या पावाचे हे नाव. मात्र बिस्क अवस्थेतील भांडे एकदाच भाजलेले असते. त्यावर झिलई द्यायची असेल तरच ते दुसऱ्यांदा भट्टीत जाते. नावाचा अर्थ आणि कामाची रीत यांत असलेला हा विरोध नवशिक्याला हमखास बुचकळ्यात टाकतो.

पहिल्या भाजणीत नेमके काय घडते हे समजून घेतल्याशिवाय या शब्दाचे महत्त्व कळत नाही. सावलीत सुकवलेले मडके हाताला कोरडे लागले तरी मातीच्या कणांशी रासायनिक रीतीने बांधलेले पाणी त्यात असतेच. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पुन्हा भिजवून चिखल करता येत नाही. याच टप्प्यात, ५७३ अंशांना, मातीतील गारगोटीच्या कणांचे आकारमान अचानक बदलते, म्हणून या सुमारास आच घाईने वाढवली किंवा उतरवली तर भांडे तडकते. स्टुडिओतील किंवा लहान कारखान्यातील बिस्क भाजणी सहसा ९०० ते १००० अंशांपर्यंत नेली जाते, कारण तेवढ्यात भांडे हाताळण्याइतके टणक होते आणि तरीही सच्छिद्र राहते. असे भांडे झिलईच्या पातळ घोळात बुडवले की भिंत त्यातील पाणी शोषून घेते आणि झिलईची भुकटी पृष्ठभागावर सारखी बसते. जिभेचे टोक लावले तर ते क्षणभर चिकटते. सच्छिद्रता ओळखण्याची ही जुनी खूण आहे.

युरोपात या अवस्थेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली ती अठराव्या शतकात. फ्रान्समधील व्हँसेन येथील पोर्सेलीनच्या कारखान्यात, जो १७५६ साली सेव्हर येथे हलला, १७५० नंतरच्या काही वर्षांत झिलई न दिलेल्या पांढऱ्या मूर्ती तयार होऊ लागल्या. शिल्पकार फाल्कोने १७५७ ते १७६६ या काळात तेथील शिल्पविभागाचे प्रमुख होते. झिलईच्या थराखाली नाकाडोळ्यांची बारीक रेघ बुजते. ती नसल्यामुळे संगमरवराचा भास देणारे हे काम अपुरे न मानता पूर्ण मानले गेले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आणि जर्मनीच्या थुरिंगिया भागात याच मातीची बाहुल्यांची डोकी होऊ लागली. झिलईची चकाकी नसल्याने त्यांच्यावर चढवलेला फिकट गुलाबी रंग त्वचेसारखा दिसे.

विदर्भाच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या गावांतील कुंभारकाम हजारो वर्षे याच अवस्थेत पूर्णत्वाला जात आले आहे. नागपूर परिसरातील माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंड येथील महापाषाणयुगीन स्थळांच्या उत्खननांत काळी-तांबडी मृद्भांडी सापडली. तीही झिलईविनाच भाजलेली आहेत. आजही गावाकडे आवा, म्हणजे कुंभाराची उघडी भट्टी, लावताना मडक्यांची उतरंड रचतात, मधे गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या असे जे हाताशी असेल ते जळण भरतात, वरून पेंढा आणि मातीचा लेप देतात, आणि आधी मंद धूर धरून ओल पूर्ण जाऊ देतात, कारण ती आत राहिली तर मडके फुटते. अशा आव्याची आच बहुधा बंदिस्त भट्टीपेक्षा कमी राहते आणि भांडे अधिक सच्छिद्र निघते. वैशाख-ज्येष्ठात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा माठातले पाणी गार राहते ते या सच्छिद्रतेमुळेच: भिंतीतून पाझरलेले पाणी बाहेर वाफ होऊन उडते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. अशा माठाला झिलई दिली तर तो माठ म्हणून निकामी होईल. झिलई नाही म्हणून त्याला कमी दर्जाचा ठरवणे हा त्याच्या कर्त्यावर अन्याय आहे.

याउलट आंब्याचे लोणचे अशा भांड्यात टिकणार नाही, कारण तेल आणि मिठाचे पाणी भिंतीत मुरते. त्यासाठी झिलईची बरणीच लागते. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यानंतर ग्रामोद्योगाच्या विचाराला संस्थेचा आधार मिळाला आणि पुढे १९५०च्या दशकात भद्रावतीला ग्रामोदय संघ उभा राहिला, तो कुंभारकामासाठी. गावच्या कुंभाराला एका भाजणीकडून दोन भाजणींकडे नेणारी वाट अशा कामातून खुली झाली. पहिल्या भाजणीला वेगळे नाव लागते ते इथे, कारण आव्यातून निघालेले मडके थेट बाजारात जाते, बिस्क भांड्याला मात्र अजून एक भट्टी पाहायची असते.

सुपाचा इतिहास निराळा आहे. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच आचारी ला व्हारेन यांच्या पाककृतींच्या ग्रंथात कबुतराच्या पिल्लांचे बिस्क आहे, म्हणजे त्या काळी हा पदार्थ जलचरांपुरता मर्यादित नव्हता. नदीतल्या झिंग्यांसारख्या प्राण्यांशी त्याचे नाव पक्के जोडले गेले ते नंतर. कवचे भाजून, उकळून, कुटून त्यांचा अर्क गाळायचा आणि तांदळाने दाटपणा आणायचा ही त्याची जुनी रीत. खेकड्याच्या नांग्या पाट्यावर ठेचून त्यांचे पाणी गाळून रस्सा करण्याची आपल्याकडची पद्धत हिच्या फार जवळची आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांकाठच्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको. कवचे दोनदा शिजतात म्हणून हे नाव पडले असे कोणी सांगतात, तर कोणी ते फ्रान्स-स्पेनलगतच्या बिस्केच्या उपसागराशी जोडतात. दोन्ही खुलासे ऐकायला सोयीचे आहेत, परंतु सिद्ध झालेले नाहीत.

खेळातील बिस्क ही कमकुवत खेळाडूला मिळणारी सवलत आहे. जुन्या टेनिसमध्ये तो सेटमध्ये आपल्या पसंतीच्या वेळी एक गुण मागून घेऊ शके, तर क्रोकेमध्ये त्याला एक जादा पाळी मिळते. हा शब्दही फ्रेंचमधूनच आला, पण मातीशी त्याचा संबंध दाखवता येत नाही.

संगणकावरील बिस्क रंग तांबडा २५५, हिरवा २२८ आणि निळा १९६ या प्रमाणात बनतो, म्हणजे तो पिवळसर झाक असलेला फिकट रंग आहे. विदर्भातील मडक्याची लाली मातीतल्या लोहामुळे येते. आव्यात हवा खेळती राहिली तर लोहाचा ऑक्साइड तांबडा होतो आणि हवा कोंडून धूर धरला तर तेच भांडे काळे पडते. त्यामुळे बिस्क अवस्थेतली आपली बहुतेक भांडी बिस्क रंगाची नसतात.