धड्याच्या आधी शरीर

वयात येण्याची सुरुवात रात्री होते, मूल गाढ झोपेत असताना. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक थोड्या थोड्या वेळाने सोडू लागतो. त्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि मुलीच्या बीजांडकोशांना किंवा मुलाच्या वृषणांना कामाला लावते. ही यंत्रणा नवी नसते बरं. जन्मानंतर काही महिने ती चालू होती, मग कित्येक वर्षं निजून राहिली.

ती पुन्हा कधी जागी होईल, याला मात्र एक तारीख नाही. मुलींमध्ये पहिले बदल ८ ते १३ या वयात केव्हाही दिसतात, मुलांमध्ये ९ ते १४ दरम्यान. एकाच बाकावरच्या दोन मैत्रिणींत चार वर्षांचं अंतर पडू शकतं आणि दोघीही अगदी नॉर्मल असतात. वयात येण्याबद्दलचा शाळेतला धडा मात्र सगळ्यांसाठी एकाच दिवशी येतो. कुणाला तो उशिरा मिळतो, कुणाला फार लवकर. आपलं मूल नेमकं कुठवर आलंय, हे घरालाच कळू शकतं.

मुलींच्या बाबतीत शरीर आगाऊ सूचनाही देतं. छातीत गाठीसारखा पहिला उभार आला की साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी सुरू होते. एवढा वेळ हाताशी असूनही कितीतरी मुलींना पाळीची पहिली ओळख रक्ताचा डाग पाहूनच होते. पहिलं वर्ष-दोन वर्षं पाळी अनियमित असते, हेही आधी सांगितलं तर निम्मी घाबरगुंडी वाचेल.

मुलग्यांचं तसं नाही. त्यांच्यातला पहिला बदल म्हणजे वृषणांची वाढ, आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. बहुधा म्हणूनच त्यांच्याशी कुणी बोलत नाही. या वयात जवळपास निम्म्या मुलग्यांच्या छातीला थोडी सूज येते आणि बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. माहीत नसलेला मुलगा तेवढा काळ शर्ट काढायला लाजतो. झोपेत वीर्यपतन होण्याला तर आपण ‘स्वप्नदोष’ म्हणतो! दोष कसला? शरीर आपलं काम करतंय, भाषेने उगाच आरोप ठेवलाय.

‘सांगितलं तर नको ते सुचेल’ ही भीती खरी आहे, पण पुरावा उलट आहे. युनेस्कोने २०१८ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत अनेक अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, असं त्यात दिसलं. काही ठिकाणी ती उशिराच वळली.

समोर बसवून तासभर दिलेलं व्याख्यान वाया जातं, असं माझं मत. भांडी आवरताना, गाडीतून जाताना, एकमेकांकडे न पाहता बोलणं दोघांनाही सोपं पडतं. अवयवांना त्यांची खरी नावं द्यावीत. कुणी नको तिथे हात लावला तर ते सांगायला मुलाकडे शब्द तरी असतील. उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणावं, आणि खरंच बघून सांगावं.

मुलीत ८ वर्षांच्या किंवा मुलात ९ वर्षांच्या आधीच बदल दिसले, १४ वर्षांपर्यंत मुलामध्ये काहीच बदल झाला नाही, किंवा १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.