अंगण न खोदता ड्रेनेज लाइन दुरुस्त होते का?

"जमिनीखालची ड्रेनेज लाइन फुटली की अख्खं अंगण उकरल्याशिवाय इलाज नाही," हा समज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो जुन्या अनुभवातून आला, पण आज अर्धाच खरा आहे.

जुन्या घरांत चार इंची चिनी मातीचे पाईप असतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. सांधे सुटतात, फटीतून झाडांची मुळं शिरतात. पाईपचा आकार आणि उतार शाबूत असेल तर चेंबरमधूनच काम होतं. आधी प्रेशरच्या पाण्याने मुळं, गाळ काढायचा. मग रेझिनमध्ये (सुकल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली फेल्टची, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाची नळी हवेच्या दाबाने आतली बाजू बाहेर करत पाईपात उलटवायची. काही तासांत ती कडक होते आणि जुन्या पाईपात नवा पाईप तयार होतो. मुळं अर्धवट राहिली तर या नव्या अस्तराला सुरकुत्या पडतात. अस्तराने झाकला गेलेला बाथरूमचा जोड आतून कापून पुन्हा उघडायला विसरू नये.

पाईप खचला किंवा चेपला असेल तर मात्र तेवढा भाग खोदावाच लागतो.

तपासायचं असं: खालच्या चेंबरमधलं तोंड बंद करून लाइन वरच्या चेंबरपर्यंत पाण्याने भरा, अर्धा तास वापर थांबवा. पातळी उतरली तर गळती आहे. मग तोंड उघडून पाणी सोडून द्या आणि कॅमेरा घालून रेकॉर्डिंग मागून घ्या. कॅमेरा जिथे साचलेल्या पाण्यात बुडतो, तिथला उतार गेलेला असतो.