पिक्चर्स फोल्डर

संगणकावर फोटो साठवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच नेमून ठेवलेला फोल्डर. नवे खाते उघडले की डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक आणि व्हिडिओज यांच्याबरोबर तो आपोआप तयार होतो. प्रत्येक खात्याचा पिक्चर्स फोल्डर स्वतंत्र असतो. त्यामुळे वडिलांच्या खात्यात उतरवलेले फोटो मुलीच्या खात्यातून दिसत नाहीत आणि ते उडाले, असा घरात समज होतो. संगणकावरचे 'हरवलेले' फोटो बरेचदा हरवलेले नसतात. पिक्चर्स हा एक पत्ता आहे, तो बदलता येतो, आणि कधी कधी मालकाच्या नकळतही बदलतो. नागपुरातल्या दुरुस्तीच्या दुकानात 'फोटो कुठी गेले?' असे विचारत येणाऱ्या माणसाला आधी हा पत्ता तपासून द्यावा लागतो.

विंडोज 2000 आणि एक्सपीच्या काळात या फोल्डरचे नाव माय पिक्चर्स होते आणि तो माय डॉक्युमेंट्सच्या पोटात असे. 2007 मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'माय' गळाले आणि फोल्डर सी ड्राइव्हमधल्या यूजर्स या फोल्डरात, ज्याच्या त्याच्या खात्याच्या नावाखाली गेला. माळ्यावरच्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून नव्या संगणकाला जोडली, तर हा फरक ध्यानात ठेवावा: एक्सपीवरचे फोटो यूजर्समध्ये सापडणार नाहीत, ते डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या फोल्डरात शोधावे लागतात.

फोल्डर उघडण्याचा नेहमीचा रस्ता म्हणजे फाइल एक्सप्लोररच्या डाव्या पट्टीतले पिक्चर्स हे नाव. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत रोमन अक्षरांत 'शेल:माय पिक्चर्स' टाइप केले तरी तोच फोल्डर उघडतो, मग तो कुठेही हलवलेला असो. खरा पत्ता पाहायचा तर पिक्चर्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यातला लोकेशन हा भाग उघडावा. संगणक मराठीत चालवणाऱ्यांना फोल्डरचे नाव मराठीत दिसते, पण डिस्कवरचे मूळ नाव इंग्रजीच राहते. फोल्डरातली डेस्कटॉप.आयएनआय ही लपलेली फाइल हे काम करते. ती निरुपयोगी समजून पुसू नये. फोटो नेमके कुठे आहेत याचा काहीच अंदाज नसेल, तर धिस पीसी उघडून शोधपट्टीत तारांकन, टिंब आणि जेपीजी असे लिहावे. सगळ्या ड्राइव्हमधले त्या प्रकारचे फोटो एका यादीत येतात. वेळ लागतो, पण डेस्कटॉपच्या कोपऱ्यातल्या 'न्यू फोल्डर 3' मध्ये दडलेले फोटोही सापडतात.

सर्वांत जास्त गोंधळ वनड्राइव्हमुळे, म्हणजे फायली इंटरनेटवर साठवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेमुळे, होतो. संगणक सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले आणि फोल्डरांच्या बॅकअपला होकार दिला, की पिक्चर्सचा पत्ता बदलून वनड्राइव्ह या फोल्डरच्या आत जातो. नाव तेच, चिन्हही तेच. मात्र जुन्या जागेचाही एक पिक्चर्स फोल्डर शिल्लक राहू शकतो, आणि थेट जुन्या पत्त्यावर गेलेल्या माणसाला तो रिकामा दिसतो. वनड्राइव्हमधल्या फोटोशेजारी हिरवी खूण असेल तर फाइल संगणकावर आहे. नुसता निळा ढग असेल तर ती इंटरनेटवरच आहे आणि उघडताना उतरेल. गावाकडे, जोडणी नसलेल्या घरी लॅपटॉप उघडून आजीला फोटो दाखवायचे असतील, तर निघण्याआधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम या संगणकावर ठेवण्याचा पर्याय निवडावा. फुकट मिळणारी जागा 5 जीबी आहे. स्टुडिओकडून आलेले एका लग्नाचे फोटो तिला सहज भरून टाकतात, आणि त्यानंतरचे फोटो वर जाणे थांबते. आणखी एक गोष्ट अनेकांना महागात पडते: संगणकावर जागा करण्यासाठी या फोल्डरातला फोटो पुसला, तर तो वनड्राइव्हवरून आणि त्या खात्याच्या इतर उपकरणांवरूनही जातो. वैयक्तिक खात्यात तो वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये साधारण 30 दिवस राहतो. तेवढ्या मुदतीत आठवण झाली तर परत मिळतो.

दुसरा धोका फॉरमॅटचा. संगणक मंद झाला की नागपुरातल्या सीताबर्डीच्या असो की इतवारीच्या, दुकानात सी ड्राइव्ह पुसून विंडोज पुन्हा टाकण्याचा उपाय सुचवला जातो. दुकानदार विचारतो, 'सीमध्ये काही कामाचं आहे का?' ग्राहक म्हणतो, 'नाही, सगळं डेस्कटॉपवर नाहीतर पिक्चर्समध्येच आहे.' डेस्कटॉप आणि पिक्चर्स हे दोन्ही सी ड्राइव्हमध्येच असतात, हे इथे दोघांपैकी एकाने तरी बोलून दाखवायला हवे. ते न बोलल्यामुळे बारशापासूनचे फोटो गेलेली घरे आहेत, आणि ते दुःख लहान नाही. म्हणून फॉरमॅटआधी यूजर्समधला आपल्या खात्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावा, आणि दोन-चार फोटो तिथून उघडून पाहूनच होकार द्यावा.

या भीतीने अनेक जण पिक्चर्स डी ड्राइव्हवर हलवतात. ते लोकेशनमधल्या मूव्ह या बटणाने होते. आधी डीमध्ये 'फोटो' असा वेगळा फोल्डर करून तोच निवडावा. थेट डी ड्राइव्ह निवडला, तर सबंध ड्राइव्हच पिक्चर्स म्हणून दिसू लागतो आणि ते निस्तरणे फार कटकटीचे असते. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स दोन्ही एकाच फोल्डरकडे वळवले तरी तशीच गुंतागुंत होते. जुन्या जागेवर परतण्यासाठी तिथेच रिस्टोअर डिफॉल्ट हे बटण असते. पण घरच्या बहुतेक संगणकांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. फॉरमॅटमधून डी वाचतो. डिस्क बिघडली तर दोन्ही जातात. डीवर ठेवलेली प्रत हा बॅकअप नव्हे. निदान एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्य असल्यास वेगळ्या घरात असावी. ती डिस्क उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर मात्र ठेवू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा तिथली उष्णता त्याहून जास्त असते.

मॅकवरही पिक्चर्स फोल्डर असतो, पण फोटोज हे ॲप आयात केलेली चित्रे त्यातल्या फोटोज लायब्ररी नावाच्या एकाच गाठोड्यात ठेवते. त्यावर राइट क्लिक करून शो पॅकेज कंटेंट्स निवडले की आतले ओरिजिनल्स दिसतात. आत हाताने काही हलवू नये. लिनक्समध्ये पिक्चर्सचा पत्ता घरच्या फोल्डरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात, यूजर-डर्स या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तिथेच तो बदलता येतो.

कॅमेऱ्यातले आणि फोनमधले फोटो पिक्चर्समध्ये नसतात, ते डीसीआयएम फोल्डरात असतात. या नावामागे 1998 मध्ये जपानमध्ये ठरलेले कॅमेऱ्यांचे मानक आहे. त्यात फोटोंचे क्रमांक 0001 ते 9999 एवढेच असतात, म्हणून दहा हजारावा फोटो पुन्हा जुनेच नाव घेऊन येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत पाचशे फोटो काढणाऱ्याला हे लवकरच भेटते: उतरवताना संगणक विचारतो, या नावाची फाइल आहे, बदलू का? 'बदल' म्हटले की जुना फोटो गेला. मारबत आणि बडगे, म्हणजे या मिरवणुकीतले पुतळे, त्याच दिवशी जाळले जातात. त्या वर्षीचा बडगा काय सांगत होता, याची आठवण फोटोतच उरते. म्हणून प्रत्येक वेळी उतरवलेले फोटो वेगळ्या फोल्डरात जावेत, आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असावा: 2024-09-03 मारबत. असे फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. नावे मराठीत खुशाल द्यावीत, फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करावीत. छपाईच्या कामातले जुने मराठी फॉन्ट मुळात रोमन अक्षरांवर बसवलेले असतात, त्यामुळे फोल्डरच्या नावात ते निरर्थक रोमन अक्षरे होऊन दिसतात.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यात लपलेली, कधी काढला याची नोंदही गळते. नातेवाइकांकडून मूळ फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा.

जुन्या कागदी फोटोंचे स्कॅन हा पिक्चर्समधला सर्वांत जपण्याजोगा भाग आहे. 14 ऑक्टोबर 1956 चा दीक्षाभूमीवरचा फोटो एखाद्या घराने 2023 मध्ये स्कॅन केला, तर संगणक त्याला 2023 चाच समजतो आणि त्या वर्षीच्या सहलीच्या फोटोंत नेऊन बसवतो. जेपीजी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये, डिटेल्स या भागात, फोटो काढल्याची तारीख दुरुस्त करता येते. ती करावीच, पण ती फाइलच्या नावातही लिहावी. दिवस ठाऊक नसेल तर नुसते वर्ष. फोटोच्या मागे आजोबांनी शाईने नावे लिहिली असतील, तर ती बाजूही स्कॅन करून त्याच नावाने, पुढे 'मागील बाजू' असे जोडून, शेजारी ठेवावी. त्या ओळीत कोण उभे आहे हे सांगणारे माणूस घरात असेपर्यंत हे काम उरकून घ्यावे.